बॅटरीवरची रूफिंग नेलर घ्यावी का? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं शेड उभारायचं काम अमळनेर, चोपडा, यावल या पट्ट्यात चालतं. होळी झाली की फोन सुरू होतात आणि मृग लागेपर्यंत थांबत नाहीत. अलीकडे त्यात एक प्रश्न फार वाढला आहे. मोबाइलवर कुणी व्हिडिओ बघतो: अमेरिकेतला कारागीर उतरत्या छपरावर बसलाय, हातात गन, ना वायर ना पाईप, आणि एकामागून एक खिळे मारत चाललाय. मग फोन येतो, "भाऊ, ही गन आपल्या गोठ्याला चालेल का?" प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा आलेले प्रश्न आणि त्यांची सविस्तर उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. पत्रे टाकायच्या आधी निदान प्रश्न २ आणि ६ वाचा.

१. रूफिंग नेलर म्हणजे नेमकं काय? साध्या खिळ्याच्या गनपेक्षा ती वेगळी कशी?

छपरावर डांबरी शिंगल्स ठोकण्यासाठी बनवलेली ही गन आहे. अमेरिकेत बहुतेक घरांच्या छपराला आधी प्लायवूडसारख्या लाकडी फळ्यांचा सलग थर असतो आणि त्यावर डांबर व बारीक खडी बसवलेले पातळ तुकडे एकावर एक चढवत नेतात. हे तुकडे मऊ असतात, म्हणून खिळ्याची टोपी मोठी लागते, साधारण १० मिलिमीटरची. खिळा मात्र आखूड, १९ ते ४५ मिलिमीटरपर्यंत, आणि जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास. खिळे बारीक तारेने एकमेकांना जोडून गोल गुंडाळीत येतात. एका गुंडाळीत सहसा १२० खिळे.

जुनी पद्धत म्हणजे काँप्रेसर, लांब पाईप आणि हवेवर चालणारी गन. बॅटरीच्या गनमध्ये हवेचं काम बॅटरी आणि मोटर करतात. खिळा तोच, छप्पर तेच, फक्त जोर कुठून येतो एवढा फरक.

२. आपल्याकडच्या पत्र्याला ती चालेल का?

नाही. हे उत्तर मी कुणाचाही मुलाहिजा न ठेवता देतो, कारण यात पैशापेक्षा जिवाचा प्रश्न आहे.

आपल्याकडे आता बहुतेक शेडला छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, त्यावर चौकोनी पाईप किंवा सी-चॅनेलच्या पर्लिन (पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या पट्ट्या) आणि वर ०.४० ते ०.५० मिलिमीटरचा रंगीत पत्रा असतो. या गनचा खिळा लाकडासाठी आहे. लाकडाचे तंतू त्याला चारही बाजूंनी दाबून धरतात, तीच त्याची पकड. लोखंडी पाईपची भिंत दोन-तीन मिलिमीटरची. तिच्यावर खिळा बसला तर वाकतो किंवा उलटून उडतो. कुठे आरपार गेलाच तरी त्याला धरणारं आत काही नसतं. उडालेला खिळा कुणाच्या डोळ्यात जाईल ते सांगता येत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. पत्र्याच्या स्क्रूखाली रबरी वॉशर असतो, तो भोक बंद करतो. गनच्या गुंडाळीतल्या खिळ्यांना असा वॉशर नसतो. शिंगल्समध्ये तो लागत नाही, कारण वरचा तुकडा खालच्या खिळ्यावर झाकण घालतो. आपल्या पत्र्यावर मात्र प्रत्येक भोक उघड्यावर, थेट पावसाखाली.

तिसरी गोष्ट उन्हाची. लोखंड तापलं की वाढतं. १२ फुटी पत्रा घ्या. पहाटे आणि भर दुपारी त्याच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला तरी तो लांबीला जवळपास पावणेदोन मिलिमीटर वाढतो आणि रात्री परत आखडतो. जळगाव-भुसावळचा मे महिना ज्याने छपरावर काढला आहे त्याला हा फरक जास्त वाटणार नाही. रोजच्या या ओढाताणीत गुळगुळीत खिळा हळूहळू वर येतो. स्क्रूला आटे असतात, ते लोखंडात रुतलेले राहतात.

३. आमचं घर जुनं आहे, सागाचे वासे आहेत. लाकूडच आहे, मग तिथे काय हरकत?

हा प्रश्न रास्त आहे. धाब्याची माती उतरवून पत्रा टाकणारे किंवा कौलं काढून पत्रा टाकणारे बरेच जण हेच विचारतात. लाकडात खिळा जाईल हे खरं. पण पत्र्याच्या उंचवट्यावर खिळा मारला तर खाली पोकळी असते, आणि गनचा फटका एका झटक्यात तो उंचवटा चेपतो. खोलगट भागात मारला तर तिथूनच पाणी वाहतं आणि वॉशर नसतो. शिवाय पन्नास-साठ वर्षांचा सुकलेला साग टणक होतो. वाशाच्या टोकाशी खिळा मारला की चीर जाते.

आमच्याच हातची एक चूक सांगतो. रावेरकडे एका गोठ्याला सागाच्या वाशांवर आम्ही खिळ्यांनी पत्रे ठोकले होते. मालकाला घाई होती, आखाजीला लेकीबाळी येणार होत्या, आणि स्क्रू आणायला जळगावला जायचा आमचा कंटाळा. दोन उन्हाळ्यांत खिळे बोटभर वर आले. तिसऱ्या मे महिन्यात वादळ आलं आणि वाऱ्याच्या बाजूचे तीन पत्रे शेजारच्या केळीत जाऊन पडले. गोठ्यात म्हैस होती, बाजूला माणूस झोपला होता. दोघांना काही झालं नाही. त्या दिवसापासून आम्ही पत्र्याला खिळा लावत नाही.

लाकडी वाशांसाठी टोकदार, जाड आट्यांचे, रबरी वॉशरचे स्क्रू मिळतात. ते घ्या. लोखंडाचा स्क्रू लाकडात वापरू नका, त्याचं टोक भोक मोठं करतं आणि आटे बारीक असल्याने पकड कमी पडते.

४. मग या गनचे फायदे काय? इतके लोक उगीच वापरतात का?

उगीच नाही. तिच्या स्वतःच्या छपरावर ती उत्तम हत्यार आहे.

सगळ्यात मोठा फायदा पाईप नसण्याचा. उतरत्या छपरावर हवेचा पाईप पायात येतो, शिडीला अडकतो, कोपऱ्यावर घासतो. घसरून पडण्याचं ते एक मोठं कारण. बॅटरीच्या गनला ही कटकट नाही. काँप्रेसर चढवा, तेल बघा, हवा भरायची वाट बघा, हेही नाही. काँप्रेसरचा धडधडाट नसल्याने खालचा माणूस काय ओरडतोय ते ऐकू येतं, आणि छपरावर हे फार महत्त्वाचं असतं. दोन-चार तुकडे बदलायचे असतील, मोभाऱ्यावर, म्हणजे छपराच्या सगळ्यात वरच्या कडेला, थोडं काम असेल, तर गन उचलली, वर गेलो, काम केलं, उतरलो.

खिळा किती खोल जावा हे चाकावरून ठरवता येतं. चांगल्या गनमध्ये खिळे संपत आले की ती थांबते, रिकामा फटका बसत नाही.

५. आणि तोटे?

वजन. बॅटरी, मोटर आणि आतली यंत्रणा मिळून ती हवेच्या गनपेक्षा चांगलीच जड होते. हवेची गन साधारण अडीच किलोची. दिवसभर वाकून काम करणाऱ्याच्या मनगटाला आणि कमरेला हा फरक संध्याकाळी कळतो.

वेग. अमेरिकेतल्या हिशोबात १०० चौरस फुटाला साधारण ३२० खिळे लागतात, एका तुकड्याला ४ प्रमाणे. जास्त वाऱ्याच्या भागात ६ मारतात. म्हणजे एका घराला हजारो खिळे. सरावलेला हात हवेच्या गनने जितका भराभर जातो तितकं बॅटरीवर जमत नाही. म्हणून तिकडेही पूर्ण छप्पर घालणारे बरेच जण अजून काँप्रेसरच वापरतात आणि बॅटरीची गन दुरुस्तीसाठी गाडीत ठेवतात.

किंमत जास्त, वर बॅटऱ्या वेगळ्या. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लागत नाही, म्हणजे पहिली मशीन घेताना तुम्ही पुढच्या सगळ्या मशीनची कंपनी ठरवता. उन्हाचा त्रास वेगळा, त्यासाठी प्रश्न ८ पाहा. आणि आपल्याकडे या गुंडाळीतले मोठ्या टोपीचे खिळे गावच्या हार्डवेअरमध्ये सहसा मिळत नाहीत. काम अर्धं झाल्यावर खिळे संपले तर मजूर बसून राहतात.

६. पत्र्यासाठी मग काय घ्यायचं?

त्या व्हिडिओतली तुम्हाला आवडलेली गोष्ट खिळा नव्हतीच, वायर नसणं ही होती. ती तुम्हाला मिळू शकते. बॅटरीवरची ड्रिल मशीन किंवा इम्पॅक्ट (ठोके देत स्क्रू फिरवणारी मशीन) घ्या आणि सेल्फ ड्रिलिंग, म्हणजे स्वतःच भोक पाडत जाणारे, स्क्रू वापरा.

१८ व्होल्टची, बिना-कार्बनची (ब्रशलेस) मोटर असलेली मशीन या कामाला पुरते. काही कंपन्या तिलाच २० व्होल्ट म्हणतात. पूर्ण चार्ज झाल्यावरचा तो आकडा आहे, ताकद त्याने वाढत नाही. स्क्रू साधारण ५.५ मिलिमीटर जाडीचे, सहा कोनी डोक्याचे आणि खाली रबरी वॉशर असलेले. डोक्याला ८ मिलिमीटरचा चुंबकवाला सॉकेट बिट लागतो. बिट दोन-तीन जास्त ठेवा. घासलेला बिट स्क्रूचं डोकं खातो, रंग उडवतो आणि तिथूनच गंज धरतो.

स्क्रूची लांबी पत्र्याच्या कोणत्या भागात मारणार त्यावर ठरते. उंचवट्यावर मारायचा तर लांब, खोलगट भागात मारायचा तर आखूड. छपरावर आम्ही उंचवट्यावर मारतो, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. बाजूच्या भिंतीच्या पत्र्याला खोलगट भागात मारलेला बरा, तिथे पत्रा पर्लिनला चिकटून बसतो.

एक गोष्ट बरेच मिस्त्री विसरतात. स्क्रू लोखंड कातरतो तेव्हा बारीक किस पडतो. तो संध्याकाळी झाडून काढा. दव पडलं की त्याला गंज चढतो आणि नव्या पत्र्यावर लाल ठिपके उमटतात. मालकाला वाटतं पत्राच खराब निघाला.

७. इम्पॅक्टने स्क्रू मारला की वॉशर फाटतो किंवा बाहेर येतो. मशीन खराब आहे का?

मशीन ठीक आहे, थांबायचं कुठे ते चुकतंय. इम्पॅक्टला ताकद भरपूर असते आणि ती शेवटी ठोके देत फिरवते, त्यामुळे कुठे थांबावं हे हाताला लवकर कळत नाही. रबर लोखंडी टोपीच्या कडेपर्यंत किंचित फुगलं की थांबा. बाहेर आलं तर जास्त आवळलं, दोन-तीन उन्हात ते तडकतं. वॉशर हाताने फिरत असेल तर कमी आवळलं.

नवा मुलगा शिकत असेल तर त्याच्या हाती क्लच असलेली ड्रिल मशीन द्या. क्लच एकदा लावला की ठरावीक जोराला ती सुटते. खोली धरून थांबणारं तोंड असलेली स्क्रूची मशीनही मिळते. रोज शेडचं काम असेल तर ती घ्याच.

स्क्रू आत जात नसेल तर अंगाचा भार टाकू नका. जास्त वेग आणि जास्त दाब दिला की टोक जळून निळं पडतं आणि मग ते भोक करतच नाही. टोक भोक पाडेपर्यंत सरळ आणि सारखा दाब, एवढंच.

८. मे महिन्यात चार्जर बॅटरी घेतच नाही. लाल दिवा लागतो. बॅटरी गेली का?

बहुतेक वेळा नाही. लिथियमची बॅटरी तापलेली असताना चार्ज करणं धोक्याचं असतं, म्हणून चांगला चार्जर ती निवेपर्यंत थांबतो. बहुतेक कंपन्या साधारण ४० अंशांच्या आत चार्ज करायला सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही पारा त्याच्या वर असतो, आणि बॅटरी तर नुकतीच तापलेल्या पत्र्यावरून उतरलेली.

आम्ही तीन बॅटऱ्या ठेवतो. एक मशीनमध्ये, एक चार्जरवर आणि एक निवत ठेवलेली. निवायला ठेवायची ती मातीच्या भिंतीच्या घरात किंवा निंबाखाली, वाऱ्याला. ओल्या फडक्यात गुंडाळू नका, माठाला टेकवू नका, फ्रिजमध्ये तर अजिबात नको. आत ओल धरते. मशीन पत्र्यावर पालथी टाकून चहाला उतरू नका. बंद गाडीच्या काचेसमोर ठेवलेली बॅटरीही अशीच लवकर मरते.

दिवसाची वेळ बदलली तर निम्मी अडचण सुटते. उन्हाळ्यात आम्ही सहाला चढतो आणि अकराच्या आत उतरतो. माणसाच्या डोक्यालाही तेच बरं. पावसाळाभर बॅटरी पडून राहणार असेल तर अर्धी चार्ज करून कोरड्या जागी ठेवा.

९. शेतात लाईट कधी दिवसा, कधी रात्री. तिथे बॅटरीची मशीन परवडते का?

शेतातच ती सगळ्यात जास्त परवडते. केळीचं पॅकिंग शेड, कांदाचाळ, गोठा, ही कामं मीटरपासून लांब असतात. वायरची ड्रिल मशीन न्यायची तर जनरेटर आला, डिझेल आलं, दोनशे फूट वायर आली, आणि त्या वायरीवरून ट्रॅक्टर जातो. बॅटऱ्या रात्री घरी चार्ज करून न्या. ग्राइंडरने कापायचं काम मात्र आदल्या दिवशी वर्कशॉपमध्येच आटपा, कारण ग्राइंडर बॅटरी फार लवकर खातो.

१०. फॉल्स सीलिंगवाल्यांकडे गॅसच्या नळीवर चालणारी गन असते. ती चालेल का?

चालणार नाही. ती काँक्रीटमध्ये किंवा लोखंडात बारीक पिना मारून हलक्या पट्ट्या धरायला आहे. छताखाली टांगलेल्या पट्टीवर वारा नसतो. पत्र्याला वारा खालून उचलतो.

११. सिमेंटच्या पत्र्याला?

कुठलीही गन नको आणि सेल्फ ड्रिलिंग स्क्रूही सरळ मारू नका. सिमेंटचा पत्रा ठिसूळ असतो, फटक्याने तडा जातो, तो पहिल्या पावसात दिसतो. उंचवट्यावर आधी ड्रिलने जरा मोठं भोक पाडायचं, मग जे-हुक (इंग्रजी J च्या आकाराचा आकडा), डांबरी वॉशर आणि वर लोखंडी वॉशर घालून नट हलक्या हाताने आवळायचा. भोक मोठं असल्याने पत्र्याला हलायला जागा राहते.

जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली तर वर्षानुवर्षांनी आजार होतो. पत्रा ओला करून, चांगला मास्क लावून, हळू वेगाने भोक पाडा. ग्राइंडरने कापू नका. आणि त्यावर चालू नका, पर्लिनवर फळी टाकून फळीवर बसा. असे पत्रे फुटून माणसं खाली पडतात.

१२. तोरणमाळला कॉटेज बांधतोय, वर डांबरी शिंगल्स टाकायच्या आहेत. इथे तरी घेऊ का?

इथे घ्या, किंवा ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून चार दिवसांसाठी आणा. हे त्या गनचंच छप्पर आहे. खालचं प्लायवूड मात्र पाण्यात टिकणारं हवं, भारतीय मानक आयएस ७१० चा शिक्का असलेलं. सातपुड्यावरचा पाऊस खालच्या मैदानासारखा नसतो.

काम सुरू करण्याआधी टाकाऊ तुकड्यावर दहा-बारा खिळे मारून खोली लावून घ्या. टोपी शिंगलच्या पृष्ठभागाला टेकली पाहिजे. आत घुसली तर तुकडा फाटतो, वर राहिली तर वरच्या तुकड्याला भोक पाडते. खिळा प्लायवूडमधून पलीकडे थोडा निघाला पाहिजे, त्याप्रमाणे लांबी निवडा. खिळे खोक्यांचे नकोत, प्रश्न १३ वाचा.

१३. फळांची खोकी बनवणाऱ्यांकडेही तारेच्या गुंडाळीतले खिळे असतात. ते घालता येतील का?

दिसायला सारखे असले तरी त्यांची टोपी लहान असते आणि लांबी बहुतेक वेळा जास्त. गनच्या तोंडात अडकतात. बसले तरी लहान टोपी शिंगलमधून आरपार जाते.

१४. वापरताना अपघात होऊ नये म्हणून काय बघायचं?

अमेरिकेत २०११ साली सरकारी संस्थांनी खिळ्याच्या गनबद्दल ठेकेदारांसाठी पुस्तिका काढली. त्यात तिकडच्या इस्पितळांच्या तातडीच्या विभागात वर्षाला सुमारे ३७,००० माणसं अशा जखमांनी येतात असं नोंदवलं आहे. त्यातल्या सल्ल्यांपैकी सगळ्यात महत्त्वाचा ट्रिगरचा. काही गन ट्रिगर दाबून ठेवला आणि नुसतं तोंड टेकवलं तरी खिळा सोडतात. दुसऱ्या प्रकारात दर वेळी आधी तोंड टेकवायचं, मग ट्रिगर दाबायचा. दुसराच प्रकार घ्या, वेग कमी असला तरी. चालताना बोट ट्रिगरवर नको. अडकलेला खिळा काढण्याआधी बॅटरी बाहेर.

पत्र्याच्या कामातही डोळ्यावर चष्मा, डोक्यावर आयएस २९२५ चं हेल्मेट आणि उंचीवर आयएस ३५२१ चा पूर्ण अंगाचा पट्टा. पट्टा कैचीला बांधा, पत्र्याला नाही. "रोजचंच काम आहे" असं म्हणणारा माणूस मी वर चढवत नाही.

१५. आधीच खिळ्यांनी ठोकलेला पत्रा गळतोय. सगळा काढावा लागेल?

पत्रा सडला नसेल तर नाही. खिळा हळूच उपसा, त्याच भोकात एक माप जास्त जाड, वॉशर असलेला स्क्रू बसवा. भोक फाटून मोठं झालं असेल तर बाजूच्या चांगल्या जागी स्क्रू मारा आणि जुन्या भोकावर पत्र्याचा तुकडा सीलंट लावून रिव्हेटने बसवा. नुसता डांबराचा गोळा लावलेला एक उन्हाळा टिकत नाही.

१६. एकाच गोठ्याचं काम आहे. मशीन विकत घेऊ का?

एका गोठ्यासाठी नको. मिस्त्रीला विचारा तो कशाने मारणार आहे आणि स्क्रू तुम्ही स्वतः आणा, चांगल्या वॉशरचे. मशीनपेक्षा स्क्रूवर दोन पैसे जास्त गेलेले बरे. गावात वेल्डिंगचं दुकान असेल, महिन्याला दोन-तीन शेड होत असतील, तर इम्पॅक्ट आणि तीन बॅटऱ्या एका पावसाळ्याच्या आत पैसे वसूल करून देतात.

१७. "वादळमा कडेना पत्रा उडी ग्यात, आते काय करानं?" मधले पत्रे जागेवर, कडेचेच का जातात?

वारा छपरावरून जाताना कडेला, कोपऱ्यांवर आणि मोभाऱ्याजवळ सगळ्यात जास्त वर खेचतो. वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५, भाग ३, यातही या जागांना मधल्या भागापेक्षा जास्त ओढ धरायला सांगितली आहे. आपले मिस्त्री सगळीकडे सारखेच स्क्रू मारतात, म्हणून कड आधी जाते. खालच्या टोकाच्या, मोभाऱ्याजवळच्या आणि दोन्ही बाजूंच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्याला स्क्रू मारा. मध्ये एकाआड एक चालतो. पर्लिनमधलं अंतर चार ते पाच फुटांच्या आत ठेवा. शेजारच्या दोन पत्र्यांच्या एकमेकांवर चढलेल्या कडा लहान स्क्रूंनी एकमेकांना शिवून घ्या.

उडालेले पत्रे परत टाकण्याआधी पर्लिनचं कैचीवरचं वेल्डिंग हातोडीने ठोकून बघा. पुष्कळ वेळा स्क्रू धरून राहतो आणि टाका सुटतो. वाकलेला पत्रा सरळ करून वापरू नका, घडी पडलेल्या जागी तो फाटतो. आणि दुपारनंतर पश्चिमेला ढग भरून यायला लागले तर नवा पत्रा वर चढवू नका. वर असलेल्या शेवटच्या पत्र्याला चारही कोपऱ्यांना स्क्रू लागल्याशिवाय कुणी शिडीला हात लावायचा नाही.